काचेच्या भांड्यातील प्रवाळ : एका जोपासनेचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी साधारणतः राज्यकर्त्यांचा, संतांचा वा मुक्तिलढ्याचा इतिहास निवडण्याचा प्रघात आहे. त्या मानाने माझा आजचा विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. समुद्रातील नाजूक प्रवाळ घरातल्या काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याची विद्या कशी जन्मली व कशी वाढली, याचा हा इतिहास. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकवताना सनावळीपेक्षा 'हे माणसाला कळले कसे?' हा प्रश्न अधिक वेळा विचारला. त्या प्रश्नाला हा विषय चांगला उतरतो, म्हणून तो घेण्याचे धाडस करीत आहे.

पोवळे आपल्याला नवे नाही. नवरत्नांत ते आहे, मंगळाची बाधा टळावी म्हणून ते अंगठीत घालतात, आणि प्रवाळभस्म आयुर्वेदात पूर्वापार आहे. हे तांबडे पोवळे मात्र बव्हंशी आपल्या समुद्रातले नव्हे. ते भूमध्य समुद्रातून येई. रोमन लोकांना मोत्यांचे जेवढे अप्रूप तेवढेच हिंदी लोकांना पोवळ्यांचे, असे प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नमूद केले आहे. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदराचे ज्यू व्यापारी हेच पोवळे लिस्बनमार्गे गोव्यास धाडीत आणि त्याच्या मोबदल्यात येथून हिरे मागवीत. गोव्यातील त्यांचे हस्तक हिंदू सारस्वत व्यापारी होते, त्यांत कामतांचे घराणे होते. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या, भाषा व धर्म भिन्न असलेल्या या मंडळींनी केवळ पत्रांच्या आधारे वर्षानुवर्षे एकमेकांवर विश्वास टाकला, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. असो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातून पोवळ्यांच्या पेट्या गेल्या, त्यांच्यापुढे आलेले पोवळे नेहमीच मेलेले होते. ते झाड की दगड, हे कोणासच ठाऊक नव्हते. संस्कृतात त्याला 'विद्रुम' म्हटले आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनाही 'द्रुम' शब्दाचा मोह आवरला नाही.

याचा उलगडा होण्यासाठी कोणीतरी पोवळे पाण्याबाहेर न काढता पाहणे जरूर होते. १७०६ साली बोलोन्याचा काउंट मार्सिली याने दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर नुकतेच काढलेले पोवळे समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचपात्रात ठेवले. थोड्या वेळाने फांदीवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्याला दिसली. पाण्याबाहेर काढताच ती मिटली, पुन्हा पाण्यात ठेवताच उमलली. मार्सिलीला हर्ष झाला. पोवळे वनस्पती असल्याचा हाच पुरावा, असे त्याने जाहीर केले. पुढे १७२३ पासून मार्सेलचा वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल याने हाच प्रयोग आधी मार्सेलजवळ व मग उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केला. ती 'फुले' स्पर्श होताच अंग आखडून घेतात, समुद्रफुलासारखी हालचाल करतात आणि मेल्यावर वनस्पतीसारखी न कुजता मांसासारखी सडतात, हे त्याने पाहिले. हा प्राणी आहे, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. १७२७ साली विख्यात शास्त्रज्ञ रेओम्यूर याने हे मत अकादमीपुढे मांडले ते खोडून काढण्यासाठी, आणि तेही मांडणाऱ्याचे नाव गाळून. अशा हास्यास्पद मतामुळे बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये, ही त्यामागची सद्भावना! रेओम्यूरने आपली चूक पुढे १७४२ साली उघड कबूल केली, हे त्याच्याही पक्षी सांगितले पाहिजे. पेसोनेल मात्र तोवर कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर सरकारी वैद्य म्हणून गेला होता. तेथेच १७५९ साली तो वारला.

मार्सिली व पेसोनेल यांच्या पात्रांतील पोवळे फार काळ जगले नाही. जगवणे हा त्यांचा हेतूही नव्हता. त्या दिशेने पहिले पाऊल पडले ते १८४६ साली, एका स्त्रीच्या हातून. अ‍ॅना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची पत्नी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गावी ती मुक्कामास असता खडकांवरील लहान, एकेकटे राहणारे दगडी प्रवाळ तिच्या पाहण्यात आले. ते लंडनला न्यावे असे तिच्या मनाने घेतले. प्रवासात एकमेकांवर आपटून ते फुटू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाकून घेतले आणि तो स्पंज समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवला. शास्त्रज्ञांच्या उपकरणपेटीत सुईदोरा सहसा नसतो. या कामी तोच उपयोगी पडला.

लंडनला समुद्र नाही. आरंभी तिने किनाऱ्याहून पाणी मागवून दिवसाआड बदलले. पाणी कमी पडू लागले तेव्हा तेच पाणी पुन्हा वापरणे भाग झाले. मग उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहावयाचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, अशी युक्ती तिने काढली. ओतण्याचे काम घरची मोलकरीण करीत असे. १८४७ च्या वसंतात तिने किनाऱ्याहून शेवाळ चिकटलेले दगड मागवून भांड्यात घातले, आणि पाणी बदलण्याची गरज जवळजवळ संपली. वनस्पती प्राण्याला प्राणवायू देते व प्राण्याचे मलमूत्र वनस्पतीचे खाद्य होते, हा तोल तिने दिवाणखान्यात साधला. तिचे प्रवाळ तीन वर्षांहून अधिक काळ जगले, त्यांना पिले झाली, आणि ती कशी होतात याच्या बारीक नोंदी तिने ठेवल्या.

याच तोलाचे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील सोनमासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून सिद्ध केले आणि १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यामुळे जलजीवपेटीचा जनक म्हणून पुस्तकांत त्याचे नाव येते. अ‍ॅना थिनचा निबंध छापून आला तो १८५९ साली, निसर्गशास्त्रज्ञ फिलिप गॉस यांच्या पुरस्काराने. माझ्या मते समुद्रजीवांपुरता तरी अग्रमान तिचाच आहे. छापील पुराव्यालाच प्रमाण मानण्याची आपणा इतिहासलेखकांची सवय येथे अन्याय करून जाते. त्या मोलकरणीचे नाव तर कोठेच नोंदलेले नाही.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये गॉस यांचे 'दि अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले. त्यानंतर इंग्लंडात जी लाट उसळली तिचे वर्णन वेड या शब्दानेच करावे लागेल. प्रत्येक मध्यमवर्गीय घरात काचेची पेटी हवी झाली. बहुतेक पेट्यांतील जीव आठवड्या-दोन आठवड्यांत मेले, पाणी नासले, आणि पुन्हा नवे जीव आणले गेले. डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांतली डबकी, जी गॉस यांनी डोळे भरून पाहिली होती व चितारली होती, ती हौशी संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ सालच्या आपल्या आत्मपर पुस्तकात याचे दुःख नोंदले आहे; वडिलांच्या पुस्तकांनीच त्या झुंडींना वाट दाखवली आणि याची जाणीव वडिलांना फार जाचली, असे ते सांगतात. ज्या वस्तूवर आपले प्रेम आहे ती घरी आणण्याच्या हव्यासाने ती मूळ ठिकाणी नष्ट व्हावी, हा पेच या विद्येच्या पाठीशी तेव्हापासून लागला तो आजतागायत.

वेड ओसरल्यावरही काही चिवट माणसे उरली. विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड यांनी १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठे मत्स्यालय उभारताना प्रदर्शनाच्या टाक्यांखाली अंधारे, विशाल जलाशय बांधून पाणी अखंड फिरते ठेवले. आज घरगुती टाकीच्या खाली कपाटात जी दुसरी टाकी असते, तिची ही पूर्वजच म्हणावयाची. आणि एडिंबरोमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रफूल त्यांच्या मृत्यूनंतर एकामागून एक पालकांच्या हाती जात १८८७ पर्यंत जगले! त्याला सारे 'आजीबाई' म्हणत.

येथे एक प्रश्न उभा राहतो. १८४६ साली जे एका गृहिणीला साधले, ते उष्ण कटिबंधातील रंगीबेरंगी प्रवाळांच्या बाबतीत पुढची शंभराहून अधिक वर्षे का साधू नये? पंप आले, वीज आली, मासे जगू लागले, तरी प्रवाळभित्तीवरील प्रवाळ टाकीत आणला की तो झिजून मरे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतून शोभेसाठी ठेवलेली असत ती प्रवाळांची पांढरी, धुतलेली हाडे.

उत्तर प्रवाळाच्या देहातच होते. थंड पाण्यातला अ‍ॅना थिनचा प्रवाळ केवळ शिकारीवर जगणारा. त्याला अन्न व स्वच्छ पाणी पुरते, उजेडाची तमा नसते. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाच्या ऊतींत मात्र लक्षावधी एकपेशीय शैवाल वस्तीला असतात. सूर्यप्रकाशात ते साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा देतो व आपल्या मलातील नायट्रोजन पुरवतो. हे कोडे सहजी सुटले नाही. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वर्षभर तळ ठोकला. याँग यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत ठेवले. त्यांतील शैवाल निघून गेले, तरी खाऊ घातल्यास प्रवाळ जगले. त्यावरून शैवाल अन्न पुरवत नाहीत, केवळ मळ काढतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रयोग बिनचूक होता, निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९४४ साली जपानी शास्त्रज्ञ कावागुती यांनी हे शैवाल कोणत्या कुळातले ते ओळखले. १९५८ मध्ये मस्कॅटिन व हँड यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढून शैवालात तयार झालेले द्रव्य यजमान समुद्रफुलाच्या देहात जाते, हे दाखवले. जमैकात काम करणारे टॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून, प्रकाशात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो, हे त्याच सुमारास सिद्ध केले. म्हणजे काचेच्या टाकीत प्रवाळ मरत होता तो अर्धवट उजेडामुळे, आणि ज्या पाण्यातील चुना तो ओढून घेई ते पाणी कोणी पुन्हा भरून काढीत नव्हते म्हणूनही.

दरम्यान प्रयोगशाळेबाहेरची मंडळी आपल्या वाटेने चाललीच होती. पॅसिफिकमधील न्यू कॅलेडोनियाच्या नूमेआ गावी रेने काताला यांनी १९५६ साली मत्स्यालय उघडले. भित्तीवरचे ताजे पाणी अखंड आत घेऊन त्यांनी जिवंत प्रवाळ लोकांना दाखवले, आणि अतिनील किरणांखाली ते स्वयंप्रकाशी रत्नांसारखे चमकतात हेही दाखवले. इंडोनेशियात जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली 'नैसर्गिक पद्धत' लिहिली. तीत गाळणयंत्र नाही. टाकीत भित्तीवरचे सजीव दगड, वर ऊन, आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढेच. दगडाच्या छिद्रांतील जीवाणू अमोनियाचे विष पचवतात, आणि खोलवर जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे दुसरे जीवाणू नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन करून हवेत सोडतात. लींनी हे असे रासायनिक भाषेत मांडले नव्हते. त्यांचा भर अनुभवावर होता. युरोप-अमेरिकेतील थंड, ढगाळ शहरांत ना तसे ऊन होते ना तसे दगड. म्हणून त्यांच्या लेखाचे मोल सर्वमान्य व्हायला जवळजवळ दोन दशके जावी लागली. शेवाळ लागलेले दगड मागवणाऱ्या अ‍ॅना थिनशी हे किती जुळते, हे सुज्ञ श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल.

पुढचा अध्याय जर्मन भाषकांचा. पीटर विल्केन्स यांचे उष्ण समुद्रातील कनिष्ठ जीवांच्या जोपासनेवरचे पुस्तक १९७३ साली निघाले. त्यांनी सुचवलेला उपाय ऐकून आपल्याकडच्या आज्या हसल्या असत्या: चुन्याची निवळी! चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा आणि वरचे नितळ पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडायचे. दिवसभरात जेवढे पाणी वाफ होऊन उडते, तेवढेच. तीत प्रवाळाच्या सांगाड्याला लागणारे कॅल्शियम असते, आणि पाण्याची क्षारताही टिकते. घाई करून निवळी एकदम ओतली तर मात्र पाणी इतके दाहक होते की सगळे पाळीव जीव एका रात्रीत जातात. शिंपल्या भाजून चुना करणाऱ्या आपल्या किनाऱ्याला ही निवळी अनोळखी नाही. बाळाला दात येताना ती चमच्याने पाजणारी पिढी अजून आपल्यात आहे.

निवळीच्या जोडीला जर्मनांनी फेसयंत्र आणले. नळीतून बारीक बुडबुडे वर सोडले की पाण्यातील सेंद्रिय मळ त्यांना चिकटतो आणि तपकिरी फेस होऊन वरच्या वाटीत साचतो. पावसाळ्यात मिरामारच्या किनाऱ्यावर लाटांनी केलेला फेस आपण पाहतो, त्याच तत्त्वावर हे चालते. सजीव दगड, फेसयंत्र आणि मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे या तिहींचा संयोग बर्लिनच्या हौशी मंडळींनी घडवला; म्हणून त्याला 'बर्लिन पद्धत' हे नाव पडले. त्यांतील डीट्रिश श्ट्यूबर यांनी ऐंशीच्या दशकात अ‍ॅक्रोपोरा हा फांद्यांचा, अत्यंत नाजूक समजला जाणारा प्रवाळ केवळ जगवला नाही, तर वाढवला. फांदी मोडून तिचे तुकडे त्यांनी इतर हौशी मंडळींना वाटले, आणि त्या तुकड्यांची संतती देशोदेशींच्या टाक्यांत गेली. कलमे वाटणारा माळी आणि श्ट्यूबर यांत मला फरक दिसत नाही. हौशी माणसांच्या या कामाकडे विद्यापीठांतील मंडळींनी बराच काळ दुर्लक्ष केले, हे मात्र खटकते.

ही जोपासना प्रत्यक्षात कशी असते? पाणी २५ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारांचे प्रमाण हजारी ३५ भाग, लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम, निळसर झाक असलेला प्रखर प्रकाश (समुद्रात खाली जाताना तांबडा रंग आधी विरतो, निळा उरतो), आणि दिशा बदलत राहणारा पाण्याचा जोरदार प्रवाह, कारण प्रवाळ जागचा हलत नाही. हे आकडे गाठणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते त्यांत चढउतार होऊ न देणे. उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली की वर्षांचे काम संपते. पाणी दोन-तीन अंशांनी तापून तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर टाकतो व पांढरा पडतो. १९९८ आणि २०१६ साली जगभरच्या समुद्रांत हेच घडले.

या हौसेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. डेव्हनच्या डबक्यांचे जे झाले तेच पुढे इंडोनेशिया, फिलिपिन्स व फिजीच्या भित्तींवर मोठ्या प्रमाणात घडू लागले. अखेर दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे नियंत्रण आले. आपल्या देशात तर टाकीच्या हौसेपेक्षा चुन्याच्या भट्ट्यांनी अधिक नाश केला. मन्नारच्या आणि कच्छच्या आखातांतून चुन्यासाठी व सिमेंटसाठी प्रवाळ व प्रवाळवाळू उपसली गेली. २००१ साली भारत सरकारने भित्ती बांधणाऱ्या दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. समुद्रातून प्रवाळ काढणे तेव्हापासून वाघ मारण्याच्या पंक्तीचा गुन्हा ठरला. तेव्हा माझे व्याख्यान ऐकून कोणी माजी विद्यार्थी मुरगावपलीकडच्या ग्रँड बेटावरून तुकडा आणू पाहील, तर त्याने प्रथम वकील गाठावा! तेथील प्रवाळ, मालवणच्या खडकांवरील प्रवाळ, आणि कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरवणारा, विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर खोल समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक, हे आपले धन पाण्यात उतरूनच पाहावे.

अलीकडे या विद्येला एक निराळेच वळण मिळाले आहे. भित्तीवरील प्रवाळ वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, एकाच वेळी बीजांड व शुक्र पाण्यात सोडतात, हे ऑस्ट्रेलियातील तरुण संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. टाकीत हे घडवून आणणे अशक्य मानले जाई. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात, जे एका चहाच्या व्यापाऱ्याने उभारले, जेमी क्रॅग्ज यांनी टाकीवर मूळ भित्तीच्या ठिकाणचे ऋतुमान, सूर्योदय-सूर्यास्त आणि चंद्राच्या कलाही दिव्यांनी हुबेहूब उतरवल्या. २०१३ मध्ये तेथे अ‍ॅक्रोपोराने बीज सोडले. अ‍ॅना थिनच्या घरापासून ही जागा फार दूर नाही. हीच पद्धत अटलांटिकपलीकडे फ्लोरिडात नेली गेली. तेथे २०१४ पासून पसरलेल्या रोगाने स्तंभप्रवाळाचा समुद्रातून जवळजवळ उच्छेद केला होता. टाकीत ठेवलेल्या स्तंभप्रवाळांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये बीज सोडले, त्यापासून पिले झाली.

२०२३ च्या जुलैत फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की समुद्रातल्या रोपवाटिकांमध्ये वाढवलेले प्रवाळ तेथे ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पाणबुड्यांनी हजारो तुकडे बाहेर काढले आणि पाण्याने भरलेल्या पेट्यांत घालून, गाड्यांतून, किनाऱ्यावरील टाक्यांत आणून ठेवले.